पायरीवरची जागा

अप्पांनी मला दिलेली चोपडी लाल कापडी बांधणीची आहे, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मांडतात तसली. त्या वर्षी दुकानात एक जास्तीची आली होती. ती माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले, "कुणाकुणाला लिहिलंस ते मांडून ठेव की. तोंडी हिशेब टिकत नाही." मी रकाने आखले : तारीख, नाव, गाव, विषय, उत्तर. दोन महिन्यांत ४३ नावं चढली. शेवटच्या रकान्यात फक्त दोन ओळी होत्या.

हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. इरकल लुगडी, गुळेदगुड्डचे खण, सणासुदीला थोडा रेशमी माल. तुळजाभवानीचं देऊळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळं नवरात्रात दुकानापुढून चालायला वाट नसते. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी, आणि चोपडीतला हिशेब मराठीत, असं आमचं तीन पिढ्यांचं चाललंय. या घरातून विज्ञानात डॉक्टरेट करणारी मी पहिली. पीएचडीचा व्हायवा झाला त्या संध्याकाळी आईनं शेजारच्या आठ दुकानांत धारवाडी पेढे वाटले, आणि आठही ठिकाणी तिला एकच विचारलं गेलं, आता नोकरी कुठं? ती घरी येऊन मला विचारू लागली. मी म्हटलं, आता पोस्टडॉक करायचं. ते कुठं मिळतं, असं तिनं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं हा शब्द मी वापरत होते, पण ते मिळवायचं कसं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत, पण बरंचसं स्वतःच्या डोक्यानं संशोधन करायचं, म्हणजे पोस्टडॉक. विज्ञानात पुढं कुठं उभं राहायचं तर आज हा टप्पा जवळजवळ चुकत नाही. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. आमच्या घरात "पुढचं काम" हा शब्द पडला आणि तोच राहिला.

माझं काम बेडूकमाशांवरचं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात या विषयाला जुनी परंपरा आहे. एस. के. सैदापूर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भेकाची पिल्लं सख्ख्या भावंडांना ओळखतात का, यावर तिथं वर्षानुवर्षं प्रयोग केले. सैदापूर पुढं त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एम.एस्सी.ला असताना ते शोधनिबंध माझ्या हाती पडले आणि मला वाटलं, खड्ड्यातल्या गढूळ पाण्याला इतके प्रश्न विचारता येतात, तर मलाही हेच करायचंय.

जूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की साचलेल्या पाण्यात भेकाची अंडी दिसतात. काळ्या मण्यांची दुपदरी पोत पारदर्शक चिकट दोरीत ओवावी तशी ती असतात, गवताच्या काड्यांना गुंतलेली. ती पोत बोटांनी हलकेच सोडवून बादलीत घ्यायची. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन उडू द्यायचं, मग टब भरायचे. पिल्लं बाहेर पडली की त्यांना उकडलेला पालक. गोस्नर यांनी १९६० साली या वाढीच्या ४६ पायऱ्या ठरवून दिल्या. मागच्या पायांना बोटं कधी फुटली, पुढचे पाय कधी बाहेर आले, शेपूट कधी आटली, हे भिंगाखाली रोज पाहून मी वहीत लिहायची. असे पाच पावसाळे मी लिहिले. चतुराची अळी ही पाण्यातली मोठी शिकारी. तिनं भेकाची पिल्लं खाल्लेली असली आणि तिच्या टबातलं पेलाभर पाणी नुसतं दुसऱ्या टबात ओतलं, तर तिथं हुंदडणारी पिल्लं तळाला जाऊन निश्चल होतात. दिसलेलं काही नसतं, फक्त पाण्यातला वास. ती एकदम पसरणारी शांतता मी शेकडो वेळा पाहिली, तरी प्रत्येक वेळी माझा श्वास अडकायचा.

हे सांगायचं कारण असं, की एवढं सगळं माझ्याजवळ होतं आणि पत्रांत मी त्यातलं काही लिहिलं नव्हतं.

मी "जागा" शोधत होते. बँकेची, रेल्वेची, सहायक प्राध्यापकाची जाहिरात निघते, तशी पोस्टडॉकचीही कुठंतरी यादी निघत असेल अशी माझी समजूत होती. रोज सकाळी चिगरी बसमध्ये बसले की धारवाड येईपर्यंत मोबाइलवर एकेका विद्यापीठाचं भरतीचं पान उघडायची. कुलसचिव, ग्रंथपाल, शिपाई, सगळ्या जाहिराती असायच्या, पोस्टडॉक क्वचितच. उतरायची पावटेनगरला. ज्यांचं नाव त्या परिसराला आहे ते डी. सी. पावटे स्वतः गणिती, केंब्रिजचे रँग्लर, १९५४ ते १९६७ या काळात या विद्यापीठाचे कुलगुरू. इतकी वर्षं मी त्यांच्या नावाच्या थांब्यावर उतरत होते. उत्तर कर्नाटकातला मुलगा शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजला पोचला कसा, त्याला वाट कुणी दाखवली, असा प्रश्न मला त्या दिवसांत पहिल्यांदा पडला.

शेवटी पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना विचारलं. सर निवृत्तीला आलेले, मनानं मोकळे. ते म्हणाले, "आमच्या वेळी पीएचडी झाली की कुठल्या तरी विभागात अधिव्याख्यात्याची जागा निघायची, आम्ही तिथंच चिकटलो. तुझी वाट वेगळी आहे. पण एक सांगतो, विद्यापीठ पोस्टडॉक देत नाही. माणूस देतो." त्यांनी कागदावर दोन चौकटी काढल्या. एक, एखाद्या शास्त्रज्ञाला प्रकल्पाचा निधी मिळालेला असतो आणि त्यात रिसर्च असोसिएटची तरतूद असते. तो जाहिरात देतो, मुलाखत घेतो, प्रकल्प असेतोवर तुम्हाला ठेवतो. दोन, फेलोशिप तुम्ही स्वतः मिळवता आणि ती घेऊन कुणाच्या तरी प्रयोगशाळेत जाता. पण दुसऱ्या चौकटीतही आधी तो माणूस "ये" म्हणालेला असावा लागतो. दोन्ही चौकटींतून बाण काढून त्यांनी ते एकाच वर्तुळाला जोडले. वर्तुळात काही लिहिलं नाही. तो कागद अजून माझ्या चोपडीत आहे.

मग मी पत्रं लिहायला घेतली. खरं तर एकच पत्र लिहिलं आणि ते ४३ जणांना पाठवलं. आदरणीय सर किंवा मॅडम, मी अमुक विद्यापीठातून पीएचडी केली आहे, माझे इतके शोधनिबंध आहेत, मी मेहनती आहे, आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. वर नाव तेवढं बदलायचं. सोबत सहा पानांचा बायोडेटा, त्यात दहावीचे गुणसुद्धा. ज्यांना पाठवलं त्यांत माशांच्या जनुकांवर काम करणारे होते, जंगलातल्या हत्तींवर काम करणारे होते. त्यांचे शोधनिबंध मी उघडूनही पाहिले नव्हते. मला वाटायचं, जितकी जास्त पत्रं तितकी आशा जास्त.

महिन्यानं अप्पांनी चोपडी चाळली. रिकाम्या रकान्याबद्दल ते काही बोलले नाहीत. "तगादा केलास का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मोठी माणसं आहेत, तगादा कसा करायचा? अप्पा म्हणाले, "मोठ्या पार्टीलाच करावा लागतो. पंधरा दिवसांनी एकदा, दोन ओळी, गोड शब्दांत. रोज दारात उभं राहिलं तर माणूस दार लावून घेतो, आणि कधीच गेलं नाही तर तो विसरून जातो." चाळीस वर्षांच्या उधारीच्या वसुलीतून आलेली ही अक्कल माझ्या कामी आली. पुढं मला कळलं, या क्षेत्रातही रिवाज हाच आहे. दोन आठवड्यांनी एक छोटी आठवण, त्यानंतरही शांतता असेल तर पुढं जायचं.

त्या आठवणीलाच एक उत्तर आलं, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडमचं. तीन ओळींचं. जागा सध्या नाही, असं पहिल्या ओळीत. तुमचा भेकांवरचा निबंध मी वाचला आहे, असं दुसरीत. आणि तिसरीत प्रश्न, की तुमच्या पत्रावरून तुम्ही काय केलंय ते कळतं, पण तुम्हाला पुढं काय शोधायचंय ते कळत नाही. ते काय आहे?

दुकानाच्या माळ्यावर, मालाच्या गठ्ठ्यांत बसून मी ते वाचलं. आमच्याकडे मोबाइलला नीट रेंज तिथंच मिळते. संध्याकाळपर्यंत मी खाली उतरले नाही. प्रश्न माझ्याजवळ होता, तोही दोन वर्षांपासून. तिसऱ्या पावसाळ्यात मी कलघटगीच्या बाजूला भातखाचरांत नमुने घ्यायला गेले होते. तिथली पिल्लं मला वेगळी वाटली. त्यांना शिकाऱ्याच्या पाण्याचा इशारा दिला तरी ती थांबत नव्हती, पोहतच राहायची. शेजारच्या बांधावर फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पडलेले. मला वाटलं, औषधानं पिल्लं मरत नसतील, पण त्यांचा वास ओळखण्याचा गुण मरत असेल तर? जिवंत आहेत, पण धोका कळत नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं आणि तिथंच सोडलं, कारण प्रबंधाचा विषय तो नव्हता. इतरत्र लोकांनी या दिशेनं काम केलेलं आहे हे मी वाचलं होतं. आपल्या भातशेतीतल्या भेकांवर, आपल्याकडच्या औषधांवर ते करून पाहावं, अशी इच्छा मात्र माझ्याच मनातली होती.

रात्री अप्पांना मी माझं जुनं पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. त्यांना विज्ञान कळत नाही, पण पत्र कळतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "फुलवाल्या अक्का आपल्या पायरीवर कशा बसल्या, तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात असल्यापासून त्या रोज सकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर टोपली घेऊन बसतात. अप्पा सांगू लागले. पेठेत पायरी कुणी भाड्यानं देतो असा फलक लावत नाही. त्या काळात रोज कुणी ना कुणी येऊन विचारायचं, शेठ, बसायला जागा द्या, गरीब आहोत. अप्पा नाही म्हणायचे, कारण एकाला दिली की दहा येतात. या अक्का आल्या त्या आधी तीन दिवस समोरच्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. चौथ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं अकराच्या आधी लुगड्याचं गिऱ्हाईक येत नाही. देवळाला जाणारी माणसं मात्र सहापासून इथनंच जातात. अकरापर्यंत मी बसते. जाताना पायरी धुऊन जाते." अप्पांनी टोपलीसाठी जागा करायला स्वतः बाकडं आत ओढलं.

मी रात्रीतच नवं पत्र लिहायला बसले, पण ते पुरं व्हायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मॅडमचे सात शोधनिबंध वाचले, समजले नाहीत ते दोनदा वाचले. जुन्या पत्राचं पहिलं वाक्य होतं, "मी आपल्या संस्थेत पोस्टडॉक करण्यास इच्छुक आहे." नव्याचं झालं, "कलघटगीच्या भातखाचरांतली भेकाची पिल्लं धोक्याचा वास आला तरी थांबत नाहीत, असं मी एका पावसाळ्यात २३ पैकी १४ टबांत पाहिलं, आणि त्याचं कारण मला अजून सांगता आलेलं नाही." पुढं चार छोटे परिच्छेद. काय पाहिलं, काय वाटतं, ते कसं तपासता येईल, आणि त्यातलं काय मला येत नाही. शेवटचा परिच्छेद लिहायला हात धजेना. पाण्यातल्या औषधाचं सूक्ष्म प्रमाण मोजायचं तंत्र मला येत नव्हतं, मॅडमकडे ते होतं. येत नाही असं लिहिलं तर कोण घेईल, अशी भीती. सर म्हणाले, "सगळं येत असतं तर तू तिथं जाशील कशाला? ते वाक्य ठेव." बायोडेटा दोन पानांवर आणला. दहावीचे गुण काढले.

चार दिवसांत उत्तर आलं. व्हिडिओवर बोलूया.

मग नियमांचा डोंगर. इथं मी सर्वांत जास्त चाचपडले, म्हणून कळलेलं नीट सांगते. सगळ्यांच्या तोंडी "सर्बची एनपीडीएफ" असायची, म्हणजे राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. मी सर्बचं, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाचं, संकेतस्थळ शोधत राहिले. २००८ च्या कायद्यानं स्थापन झालेलं ते मंडळ २०२३ च्या नव्या कायद्यानुसार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, एएनआरएफमध्ये, विलीन झालं. तो कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. जुनी माहिती, जुने दुवे, जुने सल्ले सगळीकडे पसरलेले, त्यात नवखा माणूस हरवतो. ही फेलोशिप दोन वर्षांची. वयाची मर्यादा ३५, महिलांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. अर्जासोबत मार्गदर्शकाची संमती आणि यजमान संस्थेचं पत्र लागतं, म्हणजे सरांच्या कागदावरचं ते वर्तुळ इथं पुन्हा आलं. अर्ज मागवतात तेव्हाच करता येतो, बारमाही नाही. आणि मला फार उशिरा कळलेली गोष्ट अशी, की पदवी हातात नसली तरी चालतं. प्रबंध सादर केलेला असला की अर्ज करता येतो. मी व्हायवाची वाट पाहत बसले, प्रमाणपत्राची वाट पाहत बसले, आणि तेवढ्यात एक फेरी निघून गेली. या एका गोष्टीनं माझं जवळजवळ वर्ष गेलं. प्रबंध लिहीत असलेल्या प्रत्येकाला मी आता भेटेल तिथं हे सांगते. प्रबंध सादर केल्यावर शोध सुरू करू नका, शेवटचं प्रकरण लिहितानाच सुरू करा.

बाकीच्या वाटाही आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप आहे, तिचं काम बेंगळुरूच्या आयआयएस्सीमधून चालतं. सीएसआयआरची आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाची आहे, महिलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ आहे. आयसर, आयआयटी यांच्या स्वतःच्याही असतात. आमच्या धारवाडचीच आयआयटी, २०१६ साली वाल्मी या संस्थेच्या आवारात सुरू झालेली, आता चिक्कमल्लिगवाडला स्वतःच्या परिसरात आहे, आणि इतकी वर्षं तिच्या संकेतस्थळाकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तिथं माझा विषय नव्हता, पण माझ्या दोन मैत्रिणींचा होता.

पैशाचं अप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या प्रकल्पांतल्या रिसर्च असोसिएटला अनुभवाप्रमाणे महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये, शिवाय घरभाडं. पीएचडी करताना ज्युनियर फेलोला ३७,००० असतात. आकडा ऐकून आई निर्धास्त झाली. अप्पांनी पुढचं विचारलं, "आणि वेळेवर?" प्रकल्पाचा हप्ता उशिरा आला तर पगार दोन-तीन महिने अडकू शकतो, हे मला लोकांकडून कळलं होतं, ते मी लपवलं नाही. त्यांनी मान हलवली. धंद्यातल्या माणसाला हे नवीन नव्हतं. पण पगारावर घर चालणाऱ्या मुलांचं त्या दोन-तीन महिन्यांत काय होतं, याचा विचार या व्यवस्थेत कुणीतरी करायला हवा. परगावी खोलीचं भाडं थांबत नाही, आणि मागं दुकान नसलेली मुलंच यातून आधी गळतात. मी अशा दोघांना ओळखते. दोघंही माझ्याहून हुशार.

मधल्या काळात एका संस्थेत प्रकल्पाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. रात्रभर प्रवास करून सकाळी नऊला हजर. संस्थेचं नाव सांगत नाही. माझ्या कामावर पाच मिनिटं बोलणं झालं. मग समितीतल्या एकांनी विचारलं, वय एकतीस, लग्नाचं काय ठरलंय? आम्ही घेतलं आणि तुम्ही सहा महिन्यांत गेलात तर? मी उत्तर दिलं, काय दिलं ते आठवत नाही. बाहेर बाकावर बसले तेव्हा पाय थरथरत होते. तिथल्याच एका विद्यार्थिनीनं पाण्याची बाटली आणून दिली आणि काही न बोलता शेजारी बसून राहिली.

त्या परतीच्या गाडीत मला कमला सोहोनी आठवत राहिल्या. शाळेपासून त्यांची गोष्ट ऐकलेली. १९३३ साली, कमला भागवत असताना, बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला, त्या हटल्या नाहीत, पहिलं वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. हे सगळ्यांना माहीत असतं. मला आठवत होता तो पुढचा भाग. त्या केंब्रिजला गेल्या तेव्हा डेरेक रिक्टर यांनी प्रयोगशाळेतलं आपलं कामाचं टेबल दिवसा त्यांना दिलं आणि स्वतः रात्री काम केलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९३९ मध्ये त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केंब्रिजला कुठली जागा रिकामी नव्हती. एका माणसानं आपली वेळ बदलली. पहाटे गाडी हुबळीला लागली, तो जगातला सर्वांत लांब फलाट, दीड किलोमीटरचा, चालून बाहेर येईपर्यंत माझं मन थोडं स्थिर झालं होतं.

परदेशाचंही करून पाहिलं. जर्मनीत असलेल्या एका मैत्रिणीनं खूप वेळ दिला. हम्बोल्टची फेलोशिप पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, आणि अर्ज वर्षात कधीही. युरोपची मारी क्युरी फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत, आणि ज्या देशात जायचं तिथं आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. शेवटची तारीख साधारण सप्टेंबरमध्ये. प्रस्तावाचा गाभा दहा पानांचा, आणि तो यजमान शास्त्रज्ञाबरोबर बसून लिहायचा असतो. २०२४ च्या फेरीत १०,३६० अर्ज आले आणि १,६९६ जणांना ती मिळाली. मी चार पानांपर्यंत पोचले. यजमानाशी दोनदाच बोलणं झालं होतं आणि प्रस्ताव पोकळ आहे हे मलाच दिसत होतं. घाईनं पाठवून कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेबरोबर पुन्हा येता येत नाही, म्हणून थांबले. ती चार पानं ठेवली आहेत. आठ वर्षांतली बरीच वर्षं अजून शिल्लक आहेत.

पुण्याच्या मॅडमशी या काळात सहा वेळा बोलणं झालं, प्रत्येक वेळी माळ्यावरून. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझी आकडेमोड चुकीची असल्याचं दाखवलं. १४ टबांपैकी तिनांत एकाच पोतीतली पिल्लं होती, ती वेगळी मोजता येणार नाहीत. मला लाज वाटली, पण त्या वाक्याच्या सुरातच मला कळलं, की या बाई आता माझ्या प्रश्नावर विचार करतायत. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, एनपीडीएफचा अर्ज माझ्याकडून कर, संमती देते. निकालाला वेळ लागेल, तोवर माझ्या प्रकल्पात अकरा महिन्यांची असोसिएटची जागा निघतेय, तिची जाहिरात येईल, रीतसर अर्ज कर, मुलाखत दे. मुलाखतीला नऊ जण होते. दोघांचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं असं मला बाहेर बसल्यावर वाटलं. आठ दिवसांनी पत्र आलं. फेलोशिपचा निकाल अजून लागायचा आहे.

मॅडमनी नंतर एका ओळीचा निरोप पाठवला : पहिल्या पावसाच्या आधी या, टब भरून ठेवायला लागतील.

परवा सामान बांधलं. कपडे थोडे, पण पाच पावसाळ्यांच्या निरीक्षणाच्या वह्या एकवीस. त्या पेटीत मावेनात. दुकानातले मामा म्हणाले, अक्का, आम्ही बांधतो. त्यांनी वह्या आधी मेणकापडात गुंडाळल्या, वर गोणपाट, आणि दाभण-सुतळीनं चारी बाजू शिवून घेतल्या, इरकलचा गठ्ठा बाहेरगावी पाठवतात तशा. अप्पा काळ्या शाईचा डबा आणि कुंचला घेऊन बसले. गठ्ठ्यावर पत्ता तेच घालतात, दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यात नेहमीसारखं "दाजीबानपेठ, हुबळी" लिहिलं. मग वर, मोठ्या अक्षरांत, "डॉ." असं लिहून क्षणभर थांबले, कुंचला पुन्हा शाईत बुडवला, आणि माझं नाव घातलं. फुलवाल्या अक्का पायरीवरून टोपली आवरत होत्या. अकरा वाजत आले होते.